रेव्हन गेलं, आता पुन्हा बाहेर पडू का?

पत्राचा गोषवारा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय तिशीच्या आसपास, करसल्लागाराच्या कार्यालयात नोकरी, लग्न झालेलं. गेली दोन वर्षं ते ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ खेळतात. आधी खाणकाम, मग मोहिमा असं करत त्यांनी ‘रेव्हन’ हे मोठं जहाज घेतलं, त्यावर महागडी यंत्रं चढवली. मागच्या महिन्यात मुक्काम दुसऱ्या स्टेशनवर हलवताना वाटेतल्या एका गेटवर, म्हणजे दोन तारकाप्रणालींमधल्या दारावर, पाच-सहा खेळाडूंनी त्यांना घेरलं. “मी सगळी क्षेपणास्त्रं सोडली, तरी मिनिटभरात जहाज गेलं. काय झालं ते कळेपर्यंत पॉडही फुटला, इम्प्लांट गेले. हात इतके थरथरत होते की माऊस धरवेना,” असं ते लिहितात. कॉर्पच्या, म्हणजे खेळातल्या त्यांच्या संघाच्या, चॅटवर सगळे हसले. बायको म्हणाली, “जाऊ दे ना, खेळच तर आहे.” तेव्हापासून ते लॉगिन करतात, स्टेशनमध्ये बसतात आणि लॉगआउट करतात. त्यांचे तीन प्रश्न आहेत. खरे पैसे घालून जहाज परत उभं करावं का? की हायसेकमध्येच, म्हणजे पोलिसांचा पहारा असलेल्या भागातच, कायमचं सुरक्षित राहावं? “की माझ्यात लढायची कुवतच नाही हे मान्य करून खेळ सोडावा?”

उत्तर

तुमचं पत्र मी पूर्ण गांभीर्याने वाचलं. दोन वर्षांच्या संध्याकाळी घालून उभं केलेलं काहीतरी डोळ्यांदेखत जातं तेव्हा वाईट वाटतंच. ते पडद्यावरचं होतं म्हणून दुःख खोटं ठरत नाही. तेवढं आधी मान्य करू.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या खेळात तुम्ही मेलात तर पुढच्या डावात सगळे पुन्हा सारखे. ईव्हमध्ये तसं नाही. आइसलंडच्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी या कंपनीने मे 2003 मध्ये हा खेळ सुरू केला, तेव्हापासून त्याचा कणाच हा आहे: फुटलेलं जहाज परत मिळत नाही. त्यावरची साधारण निम्मी यंत्रं जळतात, उरलेली मारणारा उचलून नेतो. जहाज फुटल्यावर खेळाडू पॉडमध्ये, म्हणजे एका छोट्या कुपीत उरतो. तीही फुटली तर तो दूरच्या स्टेशनवर नव्या शरीरात जागा होतो आणि जुन्या शरीरातले इम्प्लांट, म्हणजे क्षमता वाढवणारी उपकरणं, गेलेले असतात. हे नुकसान खरं असल्यामुळेच तिथला बाजार चालतो. जहाजं फुटली नाहीत तर तुम्ही खणलेलं खनिज विकत कोण घेणार?

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. पण उत्तर देण्याआधी त्यांच्या मुळाशी तुम्ही जे गृहीत धरलंय, ते जरा तपासून बघू.

पहिलं गृहीत: “मी लढलो आणि हरलो.” तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला तसं दिसत नाही. ही लढाई झालीच नाही. गेटवर दबा धरून बसलेल्या टोळीच्या हाती तुम्ही लागलात, आणि त्यामागे तीन निर्णय होते. त्यातला एकही नेमबाजीचा नव्हता.

पहिला निर्णय वाटेचा. मार्ग ठरवताना खेळ तीन पर्याय देतो: जवळचा, सुरक्षित किंवा मुद्दाम धोक्याचा. हायसेकमधून हायसेकमध्ये जाताना तुम्ही लोसेकमध्ये, म्हणजे कमी सुरक्षेच्या भागात, शिरलात, म्हणजे बहुतेक तिथे ‘जवळचा’ निवडलेला होता. सुरक्षा 0.5 च्या खाली गेली की कॉन्कॉर्ड, म्हणजे खेळातले पोलीस, येत नाहीत. हा एक पर्याय बदलला असता तर दहा-बारा उड्या जास्त पडल्या असत्या, आणि जहाज पोचलं असतं.

दुसरा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा, त्यावर मी थोडं रेंगाळणार आहे. “मी सगळी क्षेपणास्त्रं सोडली,” असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तिथेच दार बंद झालं. गेटमधून उडी मारून बाहेर आलात की तुम्ही जागचे हलेपर्यंत, जास्तीत जास्त एक मिनिट, कोणालाही दिसत नाही. तो मिनिट विचार करण्यासाठी असतो. बाहेर पाच-सहा जण दिसतायत, आपलं जहाज जड आहे, वॉर्पला, म्हणजे दूर झेप घ्यायला, वळायला वेळ लागणार हे उघड आहे. अशा वेळी पळायची वाट मागे असते: आल्या गेटकडे परत जायचं आणि पुन्हा उडी मारायची. साध्या स्क्रॅमने, म्हणजे झेप अडवणाऱ्या यंत्राने, वॉर्प अडतो, गेट अडत नाही. पण तुम्ही एक जरी क्षेपणास्त्र सोडलं, की 60 सेकंद गेट तुम्हाला आत घेत नाही. लोसेकच्या गेटवरच्या तोफा तुमच्यावर हल्ला करणाऱ्यांवर गोळीबार करतच होत्या. तुमच्या क्षेपणास्त्रांनी त्यात फार भर पडली नाही, तुमची वाट मात्र बंद झाली. परत फिरला असतात तर वाचलाच असतात असं मी म्हणणार नाही. रेव्हन हळू चालतं, गेट दहा-बारा किलोमीटर मागे असतं. पण वाचण्याची जी संधी होती ती याच बाजूला होती.

तिसरा निर्णय पॉडचा. पॉड क्षणात वळतो. जहाजाचं कवच आणि चिलखत संपून सांगाडा जळायला लागला, की जहाज वाचवायचा नाद सोडायचा, यादीतला एखादा ग्रह निवडायचा आणि वॉर्पचं बटण दाबत राहायचं. जहाज फुटताच पॉड निघून जातो. लोसेकमध्ये नुसत्या या सवयीने इम्प्लांट बहुतेक वेळा वाचतात.

यातली कुठली गोष्ट जन्मजात कुवतीवर अवलंबून आहे? वाट निवडणं, गप्प राहून परत फिरणं, एक बटण वेळेवर दाबणं. या माहितीच्या गोष्टी आहेत, आणि ती माहिती तुम्हाला कोणी दिली नव्हती. तुमच्या कॉर्पमधल्या हसणाऱ्यांपैकी एकाने तरी हे सांगितलं का? त्यांच्याकडे मी परत येईनच.

दुसरं गृहीत: “हायसेक म्हणजे सुरक्षित.” इथे मला तुम्हाला स्पष्ट सावध करायचंय, कारण याच समजुतीवर तुम्ही कायमचं तिथे राहायचं म्हणताय. हायसेकमध्ये कॉन्कॉर्ड तुम्हाला वाचवत नाही. हल्ला करणाऱ्याला नंतर शिक्षा करतं, आणि तीही काही सेकंद घेऊन. गँक करणारे, म्हणजे टोळीने येऊन जहाज फोडणारे, हे सेकंद मोजूनच येतात. ‘कॅटॅलिस्ट’सारखी स्वस्त विध्वंसक जहाजं दहा-पंधरा आणतात, ती सगळी जाणार हे गृहीत धरतात, आणि त्या वेळात मालवाहू किंवा खाणकामाचं जहाज फोडून माल उचलून नेतात. त्यांच्या नुकसानीचा हिशेब घरून निघण्याआधीच झालेला असतो. तुमचा झालेला नसतो, म्हणून घाव तुम्हाला बसतो.

माझं सगळं सांगणं इथेच येऊन थांबतं. तुम्हाला भीती नुकसानीची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, भीती न ठरवलेल्या नुकसानीची आहे. रेव्हन तुमच्या मनात जपून ठेवायच्या मालमत्तेच्या खात्यावर होतं, आणि तुम्ही ते घेऊन गेलात अशा जागी, जिथे जहाज खर्चाच्या खात्यावर टाकून जायचं असतं. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही. ईव्हच्या जुन्या खेळाडूंचा पहिला नियमही हाच: जे गमवायला परवडत नाही ते घेऊन उडू नका.

खेळाडूंच्या मोठ्या आघाड्याही तेच करतात. जानेवारी 2014 मध्ये बी-आर5आरबी नावाच्या तारकाप्रणालीत वीसेक तास लढाई चालली. सुरुवात झाली ती एका आघाडीचं त्या प्रणालीचं भाडं वेळेवर भरलं न गेल्यामुळे. त्यात 75 टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यांत मोठी जहाजं, नष्ट झाली. खऱ्या पैशात तो आकडा सुमारे तीन लाख डॉलरचा धरला गेला. ज्यांची जहाजं गेली त्यांतले कितीतरी जण आजही खेळतायत. कारण अशा संघटनांकडे नुकसानभरपाईची रीतसर योजना असते: संघटनेच्या हुकमावर लढताना जहाज गेलं तर ते भरून मिळतं. जहाजं जायचीच आहेत, हे ठरवूनच ती बांधलेली असतात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर साफ ‘नाही’ आहे. प्लेक्स, म्हणजे खऱ्या पैशाने मिळणारी खेळातली वस्तू, विकत घेऊन, ते बाजारात विकून नवं रेव्हन उभं करू नका. आत्ता तर मुळीच नको. नुकसानीनंतर लगेच खिशात हात घालणं म्हणजे खेळातलं दुःख घरखर्चात आणणं. एकदा ही सवय लागली की पुढचं प्रत्येक जहाज रुपयांत मोजलं जातं, आणि रुपयांत मोजलेलं जहाज घेऊन कोणी मोकळेपणाने लढू शकत नाही. भीती दुप्पट होते. शिवाय हरवलेलं दिसतंय तेवढं सगळं हरवलेलं नाही. तुम्ही शिकलेली कौशल्यं जशीच्या तशी आहेत. पूर्वी क्लोन, म्हणजे मेल्यावर मिळणारं शरीर, वेळेवर अद्ययावत केला नाही तर मेल्यावर कौशल्याचे गुणही जायचे, तो नियम 2014 च्या शेवटी काढून टाकला. रेव्हनचा विमा केला होता का? पत्रात उल्लेख नाही. साध्या प्रतीच्या जहाजांना विमा चांगला परतावा देतो, यंत्रांना देत नाही. खेळातलं पाकीट एकदा तपासून बघा.

आता लढायला शिकायचं असेल तर कसं, ते सांगते.

तुमच्याकडे क्षेपणास्त्रांची कौशल्यं आहेत, म्हणून ‘केस्ट्रल’ घ्या. हे लहान फ्रिगेट आहे. मोठ्या क्षेपणास्त्रांची थेट कौशल्यं इथे चालणार नाहीत, पण मारा, पल्ला, वेग वाढवणारी सामायिक कौशल्यं पूर्ण उपयोगी पडतात. चार रॉकेट लाँचर, मधल्या चार जागांत आफ्टरबर्नर (वेग वाढवणारं), स्क्रॅम, वेब (समोरच्याचा वेग कमी करणारं) आणि शील्ड एक्स्टेंडर (कवच वाढवणारं), खालच्या दोन जागांत डॅमेज कंट्रोल (नुकसान कमी करणारं) आणि बॅलिस्टिक कंट्रोल (क्षेपणास्त्रांचा मारा वाढवणारं). एवढं पुरे. चौथ्या पातळीच्या एखाद्या बऱ्या मोहिमेच्या कमाईत अशी अनेक जहाजं येतात. एकदम दहा घ्या, एकाच फिटची, म्हणजे सारख्याच यंत्रांची, एकाच स्टेशनवर ठेवा. फिटिंगच्या खिडकीतून ती सगळी एकत्र सजवता येतात. आणि घेतानाच मनाशी म्हणा, ही दहा गेली. इम्प्लांट नसलेला एक जंप क्लोन, म्हणजे राखीव शरीर, करून ठेवा आणि लढायला त्याच शरीरात जा.

पहिल्या दोन-तीन लढती ओळखीच्या माणसाशी हायसेकमध्ये ड्युएल मागून खेळा. दोघांची संमती असली की कॉन्कॉर्ड मध्ये पडत नाही, आणि शील्ड संपल्यावर थांबायचं असं आपसात ठरवता येतं. त्यानंतर फॅक्शन वॉरफेअरच्या, म्हणजे खेळातल्या साम्राज्यांच्या युद्धाच्या, लोसेकमध्ये जा. तिथल्या लहान कॉम्प्लेक्सची, म्हणजे लढाईच्या ठिकाणांची, दारं फक्त लहान जहाजांना आत घेतात, त्यामुळे क्रूझर, बॅटलशिप अशी मोठी जहाजं अंगावर येण्याची भीती नाही. आत गेल्यावर शत्रू जिथे येऊन उतरतो त्या खुणेजवळच थांबायचं. तुमच्या रॉकेटचा पल्ला दहा किलोमीटरच्या आसपास, स्क्रॅमचा त्याहून थोडा कमी. शत्रू उतरला की तो तुमच्या पट्ट्यातच आलेला असतो. स्क्रॅम लागला की त्याचा मायक्रोवॉर्पड्राइव्ह, म्हणजे वेगाचं इंजिन, बंद पडतो. वेब लागला की वेग निम्म्यावर येतो. मग लांब पळून तिथून मारा करायचा त्याचा बेत फसतो.

उलट प्रकारही ओळखायला शिका. डायरेक्शनल स्कॅनरवर, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रावर, ‘कॉन्डॉर’ दिसलं तर तो बहुधा वीसेक किलोमीटरवरून हलक्या क्षेपणास्त्रांनी मारणारा असतो. तो तुमच्या पट्ट्यात उतरणार असेल तर थांबा. तुम्हाला उघड्यावर त्याच्याकडे जावं लागणार असेल तर ती लढत घेऊच नका, निघून जा. अशी लढत नाकारणं हे कौशल्यच आहे. स्कॅनरचा कमाल पल्ला 14.3 एयू (पृथ्वी ते सूर्य अंतराच्या 14.3 पट) आहे, दर काही सेकंदांनी बटण दाबायची सवय लावा. यातलं बरंचसं पहिली गोळी सुटण्याआधी ठरतं: कोणतं जहाज, कुठे उभं, अंतर कोणाच्या हातात.

म्हणूनच, हात मंद आहेत किंवा नाशिकहून लंडनच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे संदेश पोचून परत यायला लागणारा वेळ, जास्त आहे, अशी भीती असेल तर तीही सोडा. ईव्हचा सर्व्हर हिशेब साधारण सेकंदाला एकदा करतो. शूटर खेळांत जीव घेणारा दीडशे मिलिसेकंदांचा फरक इथे फारसा जाणवत नाही.

हात थरथरण्याबद्दल तुम्ही लाजत लिहिलंय. लाजू नका. ईव्ह खेळणाऱ्यांत ही थरथर इतकी सर्वांना ठाऊक आहे की जुने लोकही त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. खरं काहीतरी पणाला लागलंय हे शरीराला कळतं, म्हणून ते होतं. स्वस्त जहाजांत सरावाने ती हळूहळू कमी होते. तोवर बटणं कमी ठेवा: लॉक, स्क्रॅम, वेब, मारा. यादीच्या वरच्या टोकाला एक ग्रह नेहमी दिसू द्या, पॉडसाठी.

प्रत्येक लढतीनंतर, जिंकलात तरी, किलमेल, म्हणजे फुटलेल्या जहाजाची खेळाने दिलेली नोंद, उघडा आणि वहीत तीन ओळी लिहा. लढत कोणी निवडली? अंतर कोणी राखलं? निघायला कधी हवं होतं? आणि लोकलमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या चॅटमध्ये, ‘जीएफ’, म्हणजे गुड फाइट, लिहून समोरच्याला विचारा की माझं काय चुकलं. या खेळाची ही एक गोष्ट मला मनापासून आवडते: तुमचं जहाज फोडणारा माणूस बरेचदा दहा मिनिटं थांबून तुम्हाला फिट दुरुस्त करून देतो. सगळेच नाहीत देत. काही जण टोमणे मारतील, त्यांची खिडकी बंद करा.

आता तुमची कॉर्प. नवख्याचं जहाज गेल्यावर हसणारी माणसं सगळीकडे असतात. पण हसल्यानंतर एकानेही शिकवलं नाही, हे मला जास्त खटकतं. सरळ विचारून बघा: “मला फ्रिगेटमधून लढायला शिकायचंय, कोणी बरोबर येईल का?” उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जा. ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ ही खेळाडूंनीच चालवलेली कॉर्प 2004 पासून नवख्यांना शिकवण्याचं काम करते. तिथे वर्ग असतात, एकत्र मोहिमा असतात, आणि प्रश्न विचारल्यावर कोणी हसत नाही. एकट्याने दहा जहाजं गमावणं आणि चार जणांबरोबर दहा गमावणं, यांतलं दुसरं खूप सोसवतं.

हाच सल्ला ‘अल्बियन ऑनलाइन’ खेळणाऱ्या वाचकांनाही लागू आहे. तिथे पिवळ्या भागात तुम्ही हरलात तर फक्त खाली पडता, सामान शाबूत राहतं. लाल आणि काळ्या भागात मेलात तर अंगावरचं सगळं जातं. त्या भागांत जाताना चांगलं शस्त्र पेढीत ठेवा आणि दहा संच घेता येतील अशा किमतीचंच सामान घाला.

तिसरा प्रश्न उरला: सोडावं का? लढणं हे कोणावरही बंधनकारक नाही. खाणकाम, व्यापार, मोहिमा यांत तुम्हाला खरंच आनंद मिळत होता असं पत्रातून दिसतं, आणि तो आनंद कमी प्रतीचा नाही. जिटा या खेळातल्या व्यापारी ठिकाणच्या बाजारात बसून वर्षानुवर्षं व्यापार करणारे लोक हा खेळ तेवढ्याच प्रेमाने खेळतात. ती दहा केस्ट्रल संपेपर्यंत प्रयत्न करा. शेवटच्या दोन-तीन लढतींत जरा तरी रंगत वाटू लागली असेल तर पुढे चला. नसेल वाटत, तर समाधानाने खाणकामाला परता, फक्त स्कॅनर आणि वाटेचा पर्याय यांची सवय बरोबर घेऊन. पण नुकसानीमुळे झोप उडत असेल, कामावर चित्त लागत नसेल, घरात आवाज चढत असेल, तर यातलं काहीही करण्याआधी काही आठवडे खेळ बाजूला ठेवा. जहाजं कुठे जात नाहीत.

तुमच्या बायकोचं वाक्य तुम्हाला लागलं, हे समजतं. पण त्या चुकीचं बोलल्या असं मला वाटत नाही. तुमच्या चेहऱ्यावरचं ओझं हलकं करायचा तो प्रयत्न असावा. त्यांना सगळी यंत्रं, नावं सांगत बसू नका. दोन वर्षं जपलेलं काहीतरी गेलं म्हणून वाईट वाटतंय, एवढं एक वाक्य सांगा.

शेवटचं वेळेबद्दल. खेळाचं घड्याळ ग्रीनिचप्रमाणे चालतं. रोज दुपारी साडेचारला सर्व्हर थोडा वेळ बंद होतो, आणि युरोपातली खरी गर्दी आपल्याकडे रात्री साडेअकरानंतर जमते. तुमची नोकरी सकाळची आहे. त्या गर्दीच्या मागे लागून दीड-दोनपर्यंत जागू नका, दमलेल्या डोळ्यांनी केलेले निर्णय कसे असतात ते तुम्ही कार्यालयात मार्चअखेरीस बघतच असाल. जेवणानंतर नऊ ते साडेदहा या वेळात फ्रिगेटच्या लढती मिळण्याइतके लोक असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरवा, घरी आधी सांगून ठेवा, आणि एका संध्याकाळी तीनपेक्षा जास्त जहाजं घेऊन बाहेर पडू नका.